दार लावायचा दिवस

वर्षातून एक दिवस हा माणूस दार लावून घेतो, आणि नेमकी त्याच दिवशी सगळ्या आनंद नगरला त्याची आठवण होते. एरवी दार उघडंच असतं. लोक येतात, कागद पुढे सरकवतात, चहा पितात, "साहब, आप तो हमारे लिए भगवान हो" म्हणतात आणि चपला घालून चालायला लागतात. भगवानाला एक दिवस सुट्टी द्यावी, हे मात्र कुणाला सुचत नाही.

मी त्यांचा शेजारी, मधलं एक घर सोडून. चौथीपर्यंत शिकलो, पुढचं कारखान्यात शिकलो. भुसावळकडून इथे भोपाळला आलो, मोठ्या कारखान्यात फिटर म्हणून लागलो आणि फिटर म्हणूनच निवृत्त झालो. मान खाली घालून कधी काम केलं नाही, त्यामुळे बढत्याही फार मिळाल्या नाहीत. साहेब त्याच कारखान्यात पगाराच्या विभागात अकाउंटंट. मी त्यांना साहेब म्हणतो, ते मला मिस्त्री म्हणतात. चाळीस वर्षांत हे बदललं नाही आणि बदलायची गरजही वाटली नाही.

साहेब ज्यू. बेने इस्राएल म्हणतात त्यांच्या लोकांना. मूळचे अलिबागेकडचे. त्यांचे आजे-पणजे गावात तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हणायला सुरुवात केली. हे त्यांनीच मला सांगितलं, तेही हसत. नोकरीसाठी भोपाळला आले तेव्हा बायको आणि दोन ट्रंका बरोबर होत्या. इथे त्यांच्या धर्माचं कुणी नाही, प्रार्थनेची जागा नाही. पण मराठी अशी बोलतात की आमच्या मराठी मंडळातले पुण्याचे लोकसुद्धा कान देऊन ऐकतात.

आणि आमची कॉलनी त्यांना ख्रिश्चन समजते. नाताळ आला की दोन-तीन घरांतून केक येतो. कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष दर सभेत "हमारे ईसाई भाई" म्हणून त्यांची ओळख करून देतात. मी उभा राहून किती वेळा सांगितलं, "ईसाई नहीं हैं, यहूदी हैं." अध्यक्ष म्हणतात, "हाँ हाँ, वही." वही कसं? म्हशीला बैल म्हटलं तर चालेल का? साहेब माझा सदरा ओढून खाली बसवतात आणि कानात सांगतात, "जाऊ द्या हो मिस्त्री, केक चांगला असतो."

हे 'जाऊ द्या' ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय.

निवृत्त झाल्यावर माणूस दुपारी झोपतो. ह्यांनी कामाचे तास वाढवले. कुणाचा नवरा गेला की त्याच्या बायकोची पेन्शन सुरू करून देणं, हे जणू त्यांचं घरचं कार्य. म्हाताऱ्यांच्या हयातीच्या दाखल्यांसाठी बँकेत चकरा, मराठी मंडळाचा जमाखर्च, कॉलनीच्या बोअरवेलच्या मोटारीचं भांडण, सगळं ह्यांच्याच गळ्यात. गॅसकांडानंतर किती वर्षं हा माणूस दर रविवारी स्कूटरवरून जुन्या शहरात जायचा आणि लोकांचे दाव्याचे अर्ज भरून द्यायचा. एक कप चहा सोडून कुणाकडून काही घेतलं नाही. त्यांची बायको म्हणायची, "ह्यांना माझ्यापेक्षा पब्लिक जास्त ओळखते." ती रागाने म्हणायची की कौतुकाने, ते मला कधी कळलं नाही.

बाई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन इस्राएलला गेलेली. साहेब एकटे. वय ऐंशीच्या पुढे, त्यात शुगर.

आता त्या दिवसाबद्दल सांगतो. त्यांचा तो मोठा उपासाचा दिवस असतो. सूर्य मावळल्यापासून दुसऱ्या दिवशी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. पांढरे कपडे घालायचे, दार लावून घ्यायचं आणि दिवसभर प्रार्थना करायची. बाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही. त्यांच्या घरातली जुनी माणसं ह्याला दार लावायचा सणच म्हणायची. तिथी अशी, की कधी आमच्या गणपतीत येतो, कधी थेट दसऱ्याला.

पूर्वी बाई होत्या तेव्हा त्या बाहेरचं बघायच्या. कोणी आलंच तर खिडकीच्या पडद्याआडून हात हलवायच्या, की माणूस परत. त्या गेल्यानंतरच्या वर्षी मी माझ्या ओट्यावरून पाहत होतो. एक माणूस आला आणि दारावर थाप मारत राहिला. थांबेना. बेल वाजवतो, खिडकीत वाकतो, फोन लावतो. शेवटी मी काठी घेऊन गेलो. त्याला विचारलं, काय काम आहे? म्हणे, टॅक्सचा फॉर्म बघायचाय. मुदत कधीची? म्हणे, अजून महिना आहे. मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "काल बाहेर कोण ओरडत होतं?" मी म्हणालो, "मीच. पुढच्या वर्षीपासून खुर्ची टाकून बसणार आहे." ते हसले आणि मग एक गोष्ट बोलले, ती मी विसरलो नाही. म्हणाले, "आमच्यात म्हणतात मिस्त्री, त्या दिवशी घरातली गेलेली माणसं परत येतात. दार बंद असतं ते त्यासाठीसुद्धा. घर भरलेलं असतं." मी फार विचारलं नाही. आमच्याकडे पितृपक्षात कावळ्याची वाट बघतातच की.

तेव्हापासून मी दरवर्षी त्यांच्या दाराशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतो. कॉलनीला हे विचित्र वाटतं, वाटू दे.

ह्या वर्षी तो दिवस बरोबर दसऱ्याला आला.

आदल्या संध्याकाळी साहेब घरोघर फिरले. हीसुद्धा त्यांची रीत आहे, त्या दिवसाआधी लोकांकडे जाऊन माफी मागायची. वर्षभरात माझ्याकडून काही चुकलं असेल, मन दुखावलं असेल तर माफ करा. मला ही रीत अजिबात पटत नाही. ज्या माणसाने सगळ्यांची कामं केली तो हात जोडून उभा, आणि ज्यांनी ह्याचे दिवसच्या दिवस खाल्ले ते सोफ्यावर बसून माफ करणार! अध्यक्षांच्या दारात मी बरोबर होतो. ते दात कोरत बाहेर आले, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे साहब, माफ़ किया, माफ़ किया! और वो रावण की परमिशन वाला काग़ज़?"

समितीने मैदानात रावण उभा केला होता. पोलिसांची परवानगी साहेबांनीच काढून आणलेली. त्यांनी खिशातून कागद काढून अध्यक्षांच्या हातात दिला. वर बजावलं, "कल मैं किसी से मिल नहीं पाऊँगा. यही काग़ज़ पुलिस को दिखाना है. सँभालकर रखिए."

"बेफ़िकर रहिए," अध्यक्ष म्हणाले.

परतताना माझ्या फाटकाशी साहेब थांबले. "आता तुम्ही राहिलात."

"मला माफीबिफी मागायची नाही," मी म्हणालो.

"मागू तर द्या. तुम्ही करू नका हवं तर."

"साहेब, आधी पोटभर जेवा. उद्या चक्कर आली तर मी काय करू ते सांगा."

"काही करू नका. मी दार उघडेन तेव्हाच ते उघडायचं. चांदण्या दिसल्या की मी उघडतोच."

मी हो म्हणालो. आता गंमत बघा. दुपारीच त्यांच्या मुलीचा तिकडून फोन आला होता. तिच्याकडेही तोच सण, उद्या ती फोन करणार नव्हती, म्हणून आदल्या दिवशीच केला. "काका, डॉक्टरांनी त्यांना उपास करू नका म्हणून सांगितलंय. ते ऐकत नाहीत. जादा किल्ली तुमच्याकडे आहे. आतून कडी लावू नका, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. जरा जरी शंका आली ना काका, तरी दार उघडा. माझी शपथ आहे तुम्हाला." पोर रडत होती. मी तिलाही हो म्हणालो.

घरी बायकोला सांगितलं तर म्हणाली, "बापाला एक हो, लेकीला एक हो. पुढाऱ्यासारखं झालं तुमचं."

"मग काय करायला हवं होतं?"

"मला काय विचारता? खुर्चीवर तुम्ही बसणार आहात."

दसऱ्याच्या सकाळी मी हत्यारांची पूजा आटोपली, म्हणजे माझे दोन पाने आणि एक कानस, आणि खुर्ची घेऊन साहेबांच्या दाराशी गेलो. आतून त्यांचा आवाज येत होता. त्यांची ती प्रार्थनेची भाषा मला कळत नाही, पण चाल ओळखीची झाली आहे. मधे हळू, मधे जरा चढता. तो आवाज येत असला की मी निश्चिंत असतो. किल्ली वरच्या खिशात होती आणि टोचत होती.

लोक यायला लागले. मराठी मंडळातलं एक जोडपं आपट्याची पानं घेऊन आलं. "साहेबांना सोनं द्यायचंय."

"उद्या द्या."

"उद्या कसं? दसरा आज आहे."

"त्यांचा सण आहे. दार लावलेलं असतं."

बाई म्हणाल्या, "अय्या, ख्रिश्चन लोकांचा आज कुठला सण?"

मी पानं खुर्चीखाली ठेवून घेतली. मग शिवाजी नगरहून एक रिटायर्ड बाबू रिक्षा करून आला, कुठल्याशा व्याजाबद्दल विचारायला. त्याला मी सांगितलं की आज दसऱ्याचं बँकसुद्धा बंद आहे, तू रिक्षाचे पैसे कशाला घातलेस? तो म्हणाला, "बँक बंद है, इसीलिए तो साहब फ़ुर्सत में होंगे." काय बोलणार! एक बाई आली, तिला मुलाच्या शाळेचा फॉर्म भरून हवा होता. ती माझ्यावरच चिडली. "आपको किसने बिठाया यहाँ? चौकीदार हो क्या?" मी म्हणालो, "हो." चौकीदार म्हटल्याने मी लहान होत नाही. कारखान्यात तीस टनांच्या यंत्राला हात लावणारा माणूस आहे मी.

बायको चहा घेऊन आली. आत एक माणूस पाणीसुद्धा न घेता बसलाय आणि दाराशी बसून आपण चहा प्यायचा, मला जमेना. तिला परत पाठवलं. ती म्हणाली, "आता तुमचाही उपास का? बघा हं, तुम्हाला उचलायला मी एकटीच आहे." आणि कप घेऊन बडबडत गेली.

दुपारी जेवणवेळ टळून गेल्यावर अध्यक्ष आले. मागे समितीचे चार-पाच जण आणि घामाघूम झालेला मंडपवाला. मी त्यांचं तोंड पाहूनच ओळखलं.

"साहब को बुलाइए ज़रा."

"काग़ज़ खो दिया क्या?" मी विचारलं.

अध्यक्ष रागावले. "खोया नहीं है, रखा है कहीं. कुर्ता धुलने चला गया. पुलिसवाला मैदान में खड़ा है, बोलता है बिना काग़ज़ के जलाने नहीं देंगे. साहब के पास कॉपी होगी."

"आज नहीं."

"अरे, पूरी कॉलोनी के बच्चे बैठे हैं!"

"तो बच्चों से माफ़ी माँगिए," मी म्हणालो. "साहब ने कल सिखाया तो था कैसे माँगते हैं."

मग शब्दाला शब्द वाढला. एक जण म्हणाला, दो मिनट का काम है. दुसरा म्हणाला, साहब को पता चलेगा तो खुद उठकर देंगे. हे मात्र खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. ह्यांना माहीत आहे की तो नाही म्हणणार नाही, म्हणूनच तर त्याने दार लावलंय. मी खुर्ची दाराला टेकवून बसलो आणि म्हणालो, आता माझ्यावरून जा.

ह्या सगळ्या गोंधळात माझ्या लक्षात आलं, की आतला आवाज बंद झालाय.

मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. दाराला कान लावला. काही नाही. पंख्याची घरघर तेवढी. म्हटलं झोपले असतील, पण साहेब त्या दिवशी झोपत नाहीत. मी हळूच "साहेब" म्हणून हाक मारली. उत्तर येणार नव्हतंच, बोलत नाहीत ते. आता उत्तर आलं नाही ह्याचा अर्थ काय लावायचा? बोलायचं नाही म्हणून की बोलता येत नाही म्हणून? खिशातली किल्ली मी मुठीत धरली. मुलीची शपथ आठवली, साहेबांना दिलेला शब्द आठवला. दोन्हीकडून मीच अडकलो होतो आणि मागे हे लोक 'क्या हुआ, क्या हुआ' करत दाटीवाटीने उभे.

तेवढ्यात आत धप्पकन आवाज झाला. माणूस पडल्याचा. पाठोपाठ लाकडी स्टूल आडवं झाल्याचा.

मी दार उघडलं.

साहेब जमिनीवर पालथे पडले होते. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, अंगावर झालरीची पांढरी शाल, कपाळ फरशीला टेकलेलं, हात पुढे. स्टूल बाजूला कलंडलेलं. माझ्या तोंडून जी किंकाळी निघाली ती सगळ्या गल्लीने ऐकली असेल. "साहेब गेले हो!" मी गुडघ्यावर बसलो आणि त्यांच्या खांद्याला हात घातला.

खांदा गरम होता. आणि साहेबांनी, मान वर न करता, पुढे पसरलेला एक हात उचलून तळवा मला दाखवला. थांबा.

मी थांबलो. ते तसेच पडून काहीतरी पुटपुटत होते. ती त्यांची प्रार्थना होती. त्या प्रार्थनेत एका ठिकाणी साष्टांग दंडवत घालायचा असतो, म्हणे. इतकी वर्षं मी दाराबाहेर बसलो, आत काय चालतं ते मला कुठे माहीत? पूर्वी त्यांचे गुडघे धड होते, आवाज न करता खाली जायचे. ह्या वर्षी स्टुलाचा आधार घेतला आणि स्टूलच सरकलं. एवढंच झालं होतं.

मी मान वळवून पाहिलं तर अर्धी कॉलनी खोलीत. अध्यक्ष, त्यांची माणसं, मंडपवाला, समोरच्या घरातल्या बायका. चपलांसकट. कुणी पंखा वाढवतोय, कुणी पाणी आणा म्हणतोय, एक जण मोबाइल समोर धरून उभा. साहेब हळूहळू उठत होते. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. कॉटचा कठडा धरून उभे राहिले. कुणाकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. प्रार्थनेचं पुस्तक उचललं, ते कपाळाला लावलं आणि पान शोधायला लागले.

आणि अध्यक्ष, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, अध्यक्ष म्हणाले, "भगवान का शुक्र है, साहब ठीक हैं. अब दरवाज़ा खुल ही गया है तो... साहब, वो परमिशन की कॉपी? बोलिए मत, बस इशारा कर दीजिए, कौन-सी अलमारी में है."

साहेबांची बोटं पानावर थांबली. त्यांची नजर वर उठली, आणि मला दिसलं की ती कपाटाकडे जाणार आहे. आयुष्यभराची सवय. कुणी मागितलं की द्यायचं.

"बाहर!" मी ओरडलो. "सब बाहर! निकलो!" अध्यक्षांच्या दंडाला धरलं आणि ढकललं. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत, पण फिटरचा हात आहे माझा. मोबाइलवाल्याला धक्का बसला, मंडपवाला आपणहून पळाला. बायकांना हात जोडले, त्या गेल्या. कुणी 'बुड्ढा पागल हो गया' म्हणालं. म्हणू दे. शेवटचा माणूस उंबऱ्यापलीकडे गेला तसं मी दार लोटलं आणि आतून कडी घातली.

मग वळलो. माझ्या लक्षात आलं की मी आत आहे.

बाहेर जायचं म्हणजे पुन्हा दार उघडायचं, आणि बाहेर ती सगळी फौज अजून उभी. मी कडीला हात लावला आणि साहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. नको.

मग मी उभाच. कुठे बसायचं? कॉटवर पांढरीशुभ्र चादर ताणून घातलेली, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीवरही पांढरा कपडा. ती बाईंची खुर्ची. त्या तिथे बसून तांदूळ निवडायच्या. घर भरलेलं असतं, असं साहेब म्हणाले होते. चपलांचे ठसे उमटलेली फरशी पाहून मला इतकं वाईट वाटलं की विचारू नका. साहेबांना जर कुणी भेटायला आलं असेल, तर ह्या गर्दीत ते काय थांबणार?

मी दाराशी जमिनीवर बसलो, भिंतीला पाठ लावून. साहेबांनी पुन्हा सुरुवात केली. आधी आवाज निघेना, घसा कोरडा. मग निघाला. मला पहिल्यांदाच ते दाराच्या ह्या बाजूने ऐकू येत होतं. बाहेरून ऐकताना वाटायचं, पाठ केलेलं म्हणताहेत. जवळून ऐकलं तर मधेच अडखळतात, एखादी ओळ पुन्हा घेतात, एका ठिकाणी मुठीने छातीवर हळू ठोकतात. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसत नव्हते.

मी काय केलं म्हणाल तर काही नाही. खिशात तंबाखूची पुडी होती, ती चाचपून परत ठेवली. घसा मलाही सुकला होता. मनात अध्यक्षांना शिव्या चालूच होत्या, मग वाटलं निदान ह्या खोलीत तरी नको, म्हणून तेही थांबवायचा प्रयत्न केला. फार जमलं नाही. मुलीचाही राग आला, हो म्हटल्याबद्दल माझाही आला. आणि सगळ्यात जास्त साहेबांचा. असं कसं ठेवलं ह्या माणसाने स्वतःला, की जमिनीवर पालथा पडलेला दिसला तरी लोकांना आधी कागद आठवावा?

उजेड कमी झाला. त्या दिवशी दिवा लावायचीही मनाई असते. खोलीत फक्त त्यांचे पांढरे कपडे दिसत होते. मग एकाएकी मैदानाकडून फटाक्यांचा धडाका सुरू झाला, खिडकी लाल झाली आणि पोरांचा ओरडा ऐकू आला. रावण पेटला होता! म्हणजे परवानगी मिळाली. नंतर कळलं, अध्यक्षांनी ठाण्यात ओळखीच्या एकाला फोन केला आणि मिनिटात काम झालं. तो फोन दुपारीच करता आला नसता? पण फोन करायला स्वतः बोलावं लागतं. साहेबांकडे मागायला तेवढंही लागत नाही.

फटाके थांबल्यावर साहेब उठले. खिडकीचा पडदा सरकवून बराच वेळ आकाशाकडे पाहत राहिले. धूर होता, काही दिसत नव्हतं. मी उठून त्यांच्या शेजारी गेलो आणि नीलगिरीच्या शेंड्याकडे बोट दाखवलं. एक चांदणी तिथे, एक त्याच्या डावीकडे. तिसरी त्यांनीच शोधली.

मग ते दाराकडे गेले आणि स्वतःच्या हाताने कडी काढली.

"साहेब," मी म्हणालो. "मोडला का दिवस तुमचा?"

ते माझ्याकडे वळले. "दार तर बंद होतं की."

"मी आत होतो ना. परका माणूस."

"होतात. पण तुम्ही बोललात कुठे? इतका वेळ गप्प बसलेले मिस्त्री मी चाळीस वर्षांत पाहिले नव्हते. त्यांनाही नवल वाटलं असेल." असं म्हणून त्यांनी वेताच्या खुर्चीवरचा कपडा नीट केला.

मी स्वयंपाकघरात गेलो. उपास सोडायला ते काळ्या मनुका भिजवून, कुस्करून सरबत करून ठेवतात. फ्रीजमध्ये भांडं होतं. मी ग्लास भरला आणि बाहेर आलो, तर हा माणूस दिवा लावून, कपाट उघडून, फायली काढत उभा!

"हे काय?"

"ती कॉपी इथेच होती. अध्यक्षांना अडचण झाली असेल हो. पुढेमागे पोलिसांनी विचारलं तर लागेल."

"रावण जळाला! ऐकला नाहीत का? आधी हे प्या."

"एक मिनिट. त्यांना फोन तरी लावा तुमच्यावरून, माझा बंद आहे."

"मी लावणार नाही," मी म्हणालो. "दिवसभरात पहिलं कुणाशी बोलायचं तर मुलीशी बोला. नाहीतर कुणाशी नको."

"मुलीकडे अजून उजेड आहे, मिस्त्री. तिचा दिवस संपायचाय."

त्यांनी आपला फोन चालू केला. तो चालू होतो न होतो तोच वाजला. मी नाव वाचायच्या आधीच ओळखलं.

"हाँ, अध्यक्ष जी... नहीं नहीं, मैं बिलकुल ठीक हूँ... अरे, आपको तकलीफ़ हुई, माफ़ कीजिए..."

मी ग्लास त्यांच्या तोंडाशी नेऊन धरला. त्यांनी हातानेच थांबा म्हटलं, मघासारखंच, तळवा दाखवून. ह्या वेळी मी थांबलो नाही. फोन त्यांच्या कानावरून काढला आणि कॉटवर उपडा ठेवला. तिकडून अध्यक्ष 'हैलो हैलो' करत राहिले, आणि साहेब माझ्याकडे रागाने बघत, उभ्या-उभ्याच, सरबत प्याले.